धुळे की जळगाव : दूरस्थ नोकरीतला मुक्काम

संगणक आणि इंटरनेट यांच्या आधाराने कोणत्याही गावातून करता येणाऱ्या कामाला दूरस्थ काम म्हणतात, आणि असे काम करताना एका ठिकाणी कायम न राहता सोयीप्रमाणे मुक्काम बदलणाऱ्यांना ‘डिजिटल नोमॅड’ म्हणण्याची पद्धत आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळली आहे. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७ साली याच नावाचे पुस्तक लिहिले तेव्हा ती बव्हंशी कल्पना होती. २०२० च्या टाळेबंदीने ती लाखो घरांतील रोजची रीत केली. त्याच वर्षी एस्टोनियाने अशा कामकऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, आणि भारतात दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांवरील जुने निर्बंध नोव्हेंबर २०२० मध्ये सैल केले, त्यामुळे त्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना घरून किंवा गावाहून काम करणे नियमांच्या दृष्टीने सोपे झाले. या विषयावरील बहुतेक लेखन बाली, लिस्बन किंवा चियांग माई अशा परदेशी शहरांविषयी असते. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न त्याहून जवळचा आहे, कारण येथे मुक्काम निवडणारा माणूस पर्यटक नसून बहुधा आपल्याच मुलखाकडे परतणारा नोकरदार असतो.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे गाव या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. लाल मिरचीच्या मोठ्या बाजारासाठी आणि स्टार्चच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे, २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या थोडे आत असलेले हे नगर सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसले आहे, आणि या मार्गाने गेल्या काही पिढ्यांत खान्देशातून माणसे एकाच दिशेने नेली आहेत. शेतीत भागेना तेव्हा तापीकाठची कुटुंबेच्या कुटुंबे सुरतेला गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आजही अहिराणी सहज कानी पडते. त्यांच्यानंतरची शिकलेली पिढी पुण्याला आणि बंगळूरला गेली. कामाच्या मागे माणसाने जायचे, हा क्रम दोन्ही पिढ्यांत तोच राहिला. दूरस्थ नोकरीने तो प्रथमच उलटा करण्याची शक्यता निर्माण केली आहे, आणि म्हणूनच दोंडाईच्याच्या एखाद्या संगणक अभियंत्याने, लेखापालाने किंवा चित्रफिती संपादित करणाऱ्याने पुण्यातील भाड्याची सदनिका सोडून धुळ्याला राहावे की जळगावला, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी साऱ्या प्रदेशाच्या भवितव्याशी जोडलेला आहे.

ही दोन शहरे तुलनेला सोपी आहेत. १९०६ साली ब्रिटिश सरकारने जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले; दोन्ही शहरांत महानगरपालिका २००३ सालीच स्थापन झाल्या; २०११ मध्ये जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची पावणेचार लाख होती. दोन्हीकडे पुण्याच्या हिंजवडी-वाकड भागातील भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात चांगले घर मिळते, मेसचा डबा, भाजीपाला आणि रिक्षा यांचा खर्चही त्याच प्रमाणात उतरतो. परंतु पुणे आणि खान्देश यांत असलेली ही मोठी तफावत धुळे आणि जळगाव यांच्यामध्ये नाही. दोन्ही शहरे स्वस्तच असतील, तर स्वस्ताई हा निवडीचा निकष उरत नाही. दोन्हीकडची भाडी शेजारी शेजारी मांडून शे-दोनशे रुपयांच्या फरकावर जे निर्णय घेतात, ते खऱ्या खर्चाकडे पाहत नाहीत, कारण तो खर्च भाड्याच्या पावतीवर येतच नाही.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्याव्यात. काही कंपन्या कर्मचारी जेथे राहतो तेथील राहणीमानानुसार पगार ठरवतात. अशा ठिकाणी पत्ता बदलल्याची नोंद होताच पगाराला कात्री लागू शकते, म्हणून नियुक्तिपत्रातील कामाच्या ठिकाणाविषयीचे कलम वाचल्याखेरीज सामान हलवू नये. दुसरी गोष्ट घरभाडे भत्त्याची. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत या भत्त्यावर मिळणारी सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी असते, आणि त्यांतील एक रक्कम म्हणजे भरलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा जाता उरणारा आकडा. भत्ता मोजण्यासाठी धरला जाणारा पगार महिना ८० हजार आणि भाडे ८ हजार असेल तर ही वजाबाकी शून्यावर येते आणि सूटही शून्य होते. भाड्यात वाचलेल्या पैशांचा काही भाग असा करात जातो, हे पुण्याहून निघताना फारसे कोणी मांडून पाहत नाही.

खरा खर्च उन्हाळ्याचा आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि धुळे त्यापेक्षा किंचित सुसह्य असले तरी दुपारी घराबाहेर पडण्याजोगे राहत नाही. कचेरीत काम करणाऱ्याचा उन्हाळा मालकाच्या वातानुकूलनावर निघतो. घरून काम करणाऱ्याला तो स्वतःच्या वीजबिलात सोसावा लागतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढील युनिटे अधिकाधिक महाग. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला तर तेवढ्यानेच महिन्याला अडीचशे ते तीनशे युनिटे होतात, त्यात पंखा, फ्रीज आणि संगणक मिळवले की कुटुंब तिसऱ्या टप्प्यात जाते. खान्देशची हवा पावसाळ्यापूर्वी कोरडी असल्यामुळे येथे कूलर उत्तम चालतो आणि तो एसीच्या मानाने वीज फारच कमी घेतो. पण कूलरला दिवसभर पाणी लागते, आणि त्याचा आवाज मीटिंगमध्ये समोरच्या माणसाला ऐकू जातो. म्हणून काम करण्याची खोली कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या दिशेला आहे, हे भाड्याच्या रकमेइतकेच महत्त्वाचे ठरते. थेट गच्चीखालची, पश्चिमेची भिंत तापणारी खोली पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाली तरी मे महिन्यात ती त्याच्या कितीतरी पट वसूल करते.

पाण्याबाबत दोन्ही शहरांची स्थिती समाधानकारक नाही. जळगावला वाघूर धरणातून पाणी येते, तर धुळ्याची भिस्त तापीवरील योजनेवर, नकाणे तलावावर आणि अलीकडे अक्कलपाडा प्रकल्पावर आहे. नळाला रोज पाणी येईल असे दोन्हीकडे गृहीत धरता येत नाही, आणि धुळ्यातील अनेक वस्त्यांत दोन पाण्यांमधले अंतर अनेक दिवसांचे राहिले आहे. घर पाहताना बोअरवेल आणि टाकी पाहावी, एवढे पुरे.

विजेच्या अखंडतेचा विचार अधिक बारकाईने व्हायला हवा. राज्यात मोठे भारनियमन होते त्या काळात महावितरणने वाहिन्यांचे, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या फीडरचे, गळतीनुसार गट केले होते. ज्या फीडरवर वीजचोरी आणि थकबाकी अधिक, तेथे भारनियमनही अधिक. आज शहरांत तसे नियोजित भारनियमन सहसा नसते, परंतु मे-जूनमधील वादळी पावसात तारा तुटतात आणि वीज काही तास जाते, त्या वेळी एकाच शहरातील दोन गल्ल्यांचा अनुभव भिन्न असू शकतो. त्यामुळे ‘धुळ्यात वीज जाते का’ असा प्रश्न निरर्थक आहे. नेमक्या त्या इमारतीतील शेजाऱ्यांना मागच्या जूनविषयी विचारणे उपयोगाचे आहे. इंटरनेटचेही तसेच. दोन्ही शहरांत फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून घरापर्यंत येणारी जोडणी, सहज मिळते, पण एका कंपनीची तार रस्त्याच्या खोदकामात तुटली की दुरुस्तीला दिवस जाऊ शकतो. एका कंपनीचे फायबर, दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट, आणि राउटर व संगणक किमान चार तास चालवणारा इन्व्हर्टर, एवढी तयारी असेल तर दोन्ही शहरे कामाला सारखीच चालतात. ती नसेल, तर पुण्यातही काम अडते.

निवडीचा खरा फरक प्रवासात आहे, आणि त्याची मुळे शंभराहून अधिक वर्षे मागे जातात. जळगाव मुंबईहून भुसावळमार्गे नागपूर, हावडा आणि उत्तरेकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर आहे, आणि सुरतेकडून येणारा मार्ग तेथेच त्याला मिळतो. मुंबईपासून ४२० किलोमीटरवरच्या या जंक्शनवर दिवसरात्र गाड्या असतात. रात्री बसून सकाळी मुंबईत उतरता येते, आणि पुण्याकडे व दिल्लीकडे जाणाऱ्या थेट गाड्याही मिळतात. धुळ्याच्या वाट्याला मात्र १९०० साली चाळीसगावहून निघालेला ५६ किलोमीटरचा फाटा आला, जो धुळ्यात येऊन संपतो. मुंबईला थेट जाणारी एक्स्प्रेस धुळ्याला २०२३ मध्ये मिळाली. रस्त्यांच्या बाबतीत धुळे उजवे आहे, कारण मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन राष्ट्रीय महामार्ग तेथे एकत्र येतात आणि नाशिक तेथून तीन तासांच्या आत गाठता येते. पण रात्रभर आडवे पडून जाता येणारी रेल्वे आणि रात्रभर बसून काढावा लागणारा बसप्रवास यांतला फरक, महिन्यातून दोनदा कंपनीच्या कचेरीत हजेरी लावावी लागणाऱ्या माणसाच्या पाठीला विचारावा.

जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला प्रवासी विमानसेवा नाही; तरीही या फरकाला फार वजन देऊ नये. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला, छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईची सेवा सुरू झाली आणि थोड्याच काळात थांबली, पुढे दुसऱ्या कंपनीने ती चालवली आणि तीही बंद पडली, मग २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईसाठी विमाने पुन्हा सुरू झाली. अनुदानावर चालणारी सेवा अनुदानाबरोबर येते-जाते. ती आहे तोवर जरूर वापरावी, पण तिच्या भरवशावर दोन वर्षांचे घर घेऊ नये.

प्रवासाची दुसरी दिशा दोंडाईच्याकडची आहे, आणि परतणाऱ्या माणसासाठी तीच बहुतेक वेळा निर्णायक असते. दोंडाईच्याहून जळगावला रेल्वेने जाताना शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव ही स्थानके लागतात आणि हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. या मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाल्यापासून गाड्यांचा खोळंबा कमी झाला, तरी मधल्या वेळी हव्या त्या तासाला गाडी मिळेलच असे नाही. धुळे रस्त्याने त्याच्या निम्म्या अंतरावर आहे आणि एसटी दिवसभर चालते. पांझरा नदीच्या उत्तरेला, धुळ्याच्या देवपूर भागात घर घेतले तर शहराची गर्दी ओलांडण्याचाही प्रश्न राहत नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, त्यामुळे आई-वडिलांचे येणेजाणे मुलाच्या खिशावर पडत नाही आणि त्यांच्या मनावरही पडत नाही. त्यात धुळे हे दोंडाईच्याचे जिल्हा ठिकाण: न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, आणि तीन दशकांहून जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथेच आहे. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, पण दोंडाईच्याच्या रुग्णाला रात्री अपरात्री नेले जाते ते धुळ्यालाच.

एकट्याने काम करणाऱ्याला भिंतींबाहेरचे जगही लागते, आणि याबाबत दोन शहरांचे स्वभाव वेगळे आहेत. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची आखणी केली, त्यामुळे जुन्या धुळ्यातील रस्ते सरळ आणि समांतर आहेत आणि लोक आजही पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस याच शहरात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर येथे आहे. विनोबांची गीता प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला ही सोबत मोलाची आहे. जळगाव अधिक व्यापारी आणि अधिक हलते शहर आहे: सोन्याची पेढी, डाळ मिल, केळीचा व्यापार, ठिबक सिंचनाचा उद्योग, जैन हिल्सवरील गांधी तीर्थ, आणि १९९० मध्ये स्थापन झालेले व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ. ज्याला स्थानिक व्यापाऱ्यांसाठी संकेतस्थळे, हिशेबाच्या प्रणाली किंवा जाहिराती करून जोडधंदा उभा करायचा आहे, त्याला जळगावात गिऱ्हाईक लवकर भेटेल.

मोठ्या शहरांत अनेकांनी मिळून भाड्याने वापरायच्या कचेऱ्या असतात, तशा येथे थोड्या आहेत. त्यांची जागा काही अंशी अभ्यासिकांनी भरून काढली आहे. स्पर्धा परीक्षांची आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी दोन्ही शहरांत चालणाऱ्या या खोल्यांत महिन्याच्या वर्गणीवर टेबल, वीज आणि शांतता मिळते. संगणकप्रणाली लिहिणाऱ्याला किंवा अनुवाद करणाऱ्याला ती पुरते. दिवसात चार वेळा फोनवर बोलावे लागणाऱ्याला नाही, कारण अभ्यासिकेत बोलायला मनाई असते. आपल्या कामात बोलणे किती आणि लिहिणे किती, याचे उत्तर शहर निवडण्यापूर्वी आपल्याजवळ असावे.

घर मिळण्याच्या वेळी काही प्रश्न असे विचारले जातात की ते ऐकून पुण्याला सरावलेला माणूस खट्टू होतो. कचेरी कोठे आहे, या प्रश्नाला ‘घरीच’ असे उत्तर मिळाले की घरमालक साशंक होतो. आडनाव आणि आहार विचारले जातात. एकट्या स्त्रीला, विशेषतः अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री काम करणारीला, घर मिळणे अवघड जाते. हे दोन्ही शहरांत आहे आणि ते अन्याय्य आहे. नियुक्तिपत्राची प्रत, ११ महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे मालकी न देता राहण्याची मुदतबंद परवानगी, आणि एखाद्या परिचिताचा शब्द यांनी वाट थोडी सुकर होते. रात्रपाळीचे काम असलेल्यांनी विद्यापीठ किंवा महाविद्यालयांच्या आसपासच्या वसाहती आधी पाहाव्यात. रात्री उशिरापर्यंत दिवा जळण्याची तेथे सवय असते.

हे सगळे एकत्र धरले तर किलोमीटरपेक्षा फेऱ्या मोजणे शहाणपणाचे ठरते. वर्षात कंपनीकडे किती वेळा जावे लागेल आणि घरी किती वेळा जावेसे वाटेल, हे दोन आकडे कागदावर मांडावेत. कचेरीच्या फेऱ्या अधिक, जोडीदारही नोकरी शोधणारा, आणि आई-वडील धडधाकट असतील तर जळगाव निवडावे. वडिलांचे डायलिसिस, आईचे गुडघे, शेताची मोजणी किंवा बहिणीचे बाळंतपण असे काही समोर असेल आणि मालकाने वर्षातून एखाददुसऱ्याच भेटीची अट घातली असेल, तर धुळेच योग्य. परतणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या परतण्याचे कारण घरच असते, त्यामुळे दोंडाईच्याच्या माणसाला सामान्यतः धुळे अधिक लाभेल, जळगावच्या सर्व सोयी मान्य करूनही. शिवाय धुळ्याची मोठी उणीव दूर होण्याच्या मार्गावर आहे: मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि त्यातील बोरविहीर–नरडाणा हा टप्पा पूर्ण झाला की धुळे नरडाण्याला सुरत–भुसावळ मार्गाशी जोडले जाईल.

राहता राहिले खुद्द दोंडाईचा, ज्याचा विचार या निवडीत सहसा होतच नाही. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने २०११ मध्ये तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या मत्तलंपारै या खेड्यात कार्यालय सुरू केले आणि तेथील मुलामुलींना संगणकप्रणाली लिहिण्याचे काम गावातच मिळू लागले. अमेरिकेतील टल्सा या शहराने २०१८ पासून तेथे येऊन राहणाऱ्या दूरस्थ कामकऱ्यांना प्रत्येकी दहा हजार डॉलर देण्याची योजना चालवली. दोंडाईच्याला एवढे काही करावे लागणार नाही. गावात स्वतःचे घर असलेले तरुण आहेत, लोहमार्ग आहे, फायबर पोहोचते आहे. कमी आहे ती दोन स्वतंत्र इंटरनेट जोडण्या, इन्व्हर्टर आणि बोलण्यासाठी चार बंद खोल्या असलेल्या एका जागेची, जी नगरपरिषद आपल्या वाचनालयाच्या आवारात, किंवा बाजार समिती आपल्या इमारतीत, एखाद्या सभागृहाच्या खर्चात उभी करू शकते. ती झाली तर काही जणांना धुळे आणि जळगाव यांत निवड करण्याची गरज पडणार नाही, आणि ज्यांना पडेल त्यांनाही आठवड्यातील दोन दिवस आईच्या हातची भाकरी खाऊन काम करता येईल.